गुगलवर येणं अन् यूट्यूबवर येणं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत भो

मागच्या हिवाळ्यात माझ्या मावसभावाने चार हजार रुपये घालवले, अन् का घालवले तर त्याला गुगल आणि यूट्यूब एकच वाटत होतं. भुसावळकडे मावशीचं शेत आहे, तिथे त्याने भरीत पार्टीचा व्हिडिओ काढला, काड्यांवर वांगी भाजली, मावशीने ती बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचली, धूर, आवाज, सगळं एकदम झकास शूट केलं अन् यूट्यूबवर टाकलं. मग एक जण भेटला, नाव जाऊ द्या, तो म्हणे गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो. आठ दिवसांनी त्याने स्क्रीनशॉट पाठवला, व्हिडिओ एक नंबरला! भाऊ खुश, फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड. मी नीट बघितलं तर स्क्रीनशॉट यूट्यूबचा, आणि सर्चच्या खोक्यात काय टाकलेलं तर व्हिडिओचं अख्खं टायटल जसंच्या तसं, चॅनलच्या नावासकट. असं टाकलं तर कोणाचाही व्हिडिओ वरच येतो, त्या नावाचा दुसरा व्हिडिओच नाही तर येणार कोण.

भावाचं म्हणणं एकच, "पण दादा, यूट्यूब गुगलचंच आहे ना?"

आहे की. २००६ साली गुगलने १.६५ अब्ज डॉलरला घेतलं ते, तेव्हा यूट्यूब जेमतेम दीड वर्षाचं पोरगं होतं. पण मालक एक आहे म्हणून एका दुकानाची उधारी दुसऱ्या दुकानात चालत नाही. दोघांचं शोधायचं मशीन वेगळं, दोघांना गिऱ्हाईकाकडून काय पाहिजे तेही वेगळं.

गुगल वेबवरची पानं चाळतं. त्याच्या लेखी व्हिडिओ म्हणजे कुठल्यातरी पानावर बसलेली वस्तू, ते पान यूट्यूबचं असेल, फेसबुकचं असेल किंवा एखाद्या बातम्यांच्या साइटचं. आणि कोणता व्हिडिओ दाखवू हा प्रश्न त्याला नंतर पडतो, आधी तो बघतो की या माणसाला व्हिडिओ पाहिजे तरी आहे का. तुम्ही नुसतं "सातबारा उतारा" टाका, वर सरकारी साइट येते, कारण तुम्हाला उतारा पाहिजे, उताऱ्यावरचं भाषण नको. आता "सातबारा मोबाईलवर कसा काढायचा" टाका, लगेच व्हिडिओंची रांग वर सरकते. फरक कशाने पडला तर "कसा"ने. जळगाव-धुळे बसचा टाइम, पिनकोड, अर्जाची शेवटची तारीख, असल्या गोष्टींना व्हिडिओ वर यायला जागाच नसते अन् असूही नये.

यूट्यूबला हा प्रश्नच पडत नाही. तिथे तुम्ही काहीही विचारा, उत्तर व्हिडिओच. आजचा कापसाचा भाव विचारा, एक जण आठ मिनिटं बोलेल, राम राम शेतकरी बांधवांनो, लाइक करा, बेल दाबा, आणि भावाचा आकडा सातव्या मिनिटाला. हे तो उगाच करत नाही. २०१२ मध्ये यूट्यूबने नुसत्या क्लिक मोजायच्या सोडून माणूस किती वेळ बघतोय याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून आकडा शेवटी ठेवायची ही खोड वाढली असं माझं मत. सर्चचं कसं चालतं ते यूट्यूब स्वतः सांगतं की तीन गोष्टी बघतो: विचारलेल्या शब्दांशी टायटल, वर्णन आणि आतला माल किती जुळतो, त्याच शोधासाठी लोकांनी तो व्हिडिओ किती बघितला, आणि त्या विषयात चॅनल किती भरवशाचा आहे. वर तुमची बघण्याची हिस्ट्रीही मिसळू शकते. म्हणून ज्याने स्वतःचाच व्हिडिओ पन्नास वेळा बघितलाय त्याला स्वतःच्या फोनवर तो वर दिसला तर त्याने लगेच पेढे वाटू नयेत.

गुगलमध्ये व्हिडिओ घुसला कधी? पूर्वी व्हिडिओ शोधायचा तर वेगळ्या टॅबमध्ये जावं लागायचं, मुख्य पानावर नुसत्या निळ्या लिंका. मे २००७ मध्ये गुगलने सगळं एकत्र कालवलं, फोटो, बातम्या, नकाशे, व्हिडिओ, सगळं एकाच पानावर, युनिव्हर्सल सर्च नाव दिलं त्याला. आपल्याकडे मात्र तेव्हा कोणाला फरक पडला, नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून व्हिडिओ कोण बघतं. इकडे खरं वारं फिरलं ते २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. २०१७ ला गुगलचं बोलून शोधणं मराठीत आलं, त्यामुळे ज्यांना टाइप करायचा कंटाळा ते थेट बोलायला लागले. बोलून विचारणारा माणूस दोन शब्द टाकत नाही, पूर्ण प्रश्न विचारतो, "केळीच्या पानावर पिवळे पट्टे आले काय करू", आणि असल्या प्रश्नाला व्हिडिओ बरोब्बर बसतो.

केळीचंच बघा. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर दोन रोग येतात, करपा आणि सीएमव्ही हा विषाणूचा रोग, ज्याला आपले शेतकरी हरण्या म्हणतात, दोन्हींत पानावर पिवळं पडतं. लेखात लिहिलेलं असतं "पानांवर पिवळसर रेषा दिसतात". बरं, कोणत्या रेषा? आता कोणी पान कॅमेऱ्यासमोर धरून उलटं करून दाखवलं की करप्याचा ठिपका असा, आधी बारीक पिवळा, मग मधे वाळून राखाडी, आणि हरण्याचं पान असं, शिरांना धरून पट्टे अन् पोगा, म्हणजे मधलं नवं पान, तोही बिघडलेला, तर दहा सेकंदात डोक्यात बसतं. हे रोग वेगळे आहेत हे कळणं पैशाचं काम आहे, कारण करप्याला फवारणी चालते अन् हरण्याचं झाड उपटावंच लागतं. इथे गुगलने व्हिडिओ वर आणला तर त्याचं काही चुकत नाही.

दुसरं एक कारण आहे जे कोणी बोलत नाही. मराठीत वाचायला चांगला मजकूर आहेच किती? आपल्याकडे ज्याला येतं तो लिहीत नाही, तो मोबाईल समोर धरून बोलतो. इंग्रजीत एकेका विषयावर ढिगाने लेख पडलेत, तिथे व्हिडिओला झगडून वर यावं लागतं. आपल्याकडे बऱ्याच प्रश्नांना दुसरा उमेदवारच नसतो, व्हिडिओ बिनविरोध निवडून येतो. अहिराणीचं तर अजून अवघड. भाऊ व्हिडिओत पूर्ण अहिराणीत बोलतो, "दखा भो, वांगं कसं भाजेल शे", ऐकायला गोड, पण यूट्यूब बोललेलं आपोआप लिहून दाखवतं त्या कॅप्शनच्या यादीत अहिराणी नाहीच, मग मशीनने वाचायचं काय, तर टायटल अन् वर्णन. आणि आमच्या हिरोने टायटल काय दिलेलं? "आज मावशीकडे फुल राडा". वर्णनात तीन हसरे चेहरे.

हे टायटल यूट्यूबवर थोडंफार चाललं हेही सांगतो. त्याचे जे चारशे-पाचशे सबस्क्रायबर आहेत ते त्याला ओळखतात, होम पेजवर थंबनेल, म्हणजे व्हिडिओचं छोटं चित्र, दिसलं, मावशीचा चेहरा ओळखला, दाबलं. म्हणजे यूट्यूबवर लोक न शोधताही येतात. गुगलवर न शोधता कोण येतं? तिथे जो येतो तो काहीतरी विचारूनच येतो, आणि "फुल राडा" असं विचारून भरीत शोधणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

मग आम्ही बसून दुरुस्ती केली, फुकटात. टायटल केलं "खान्देशी वांग्याचं भरीत, काड्यांवर भाजून बडगीत ठेचलेलं". वर्णनात दोन ओळी, शिवाय इंग्रजी अक्षरांतही तेच, कारण अर्धी जनता तसंच टाइप करते. आणि टाइम टाकले, म्हणजे कितव्या मिनिटाला काय आहे ते, शून्यापासून सुरू करून, वांगी कोणती घ्यायची, मग काड्यांवर भाजणं, मग ठेचणं, मग फोडणी, मग कळण्याची पुरी. हे टाइम म्हणजे दोन्ही दुकानांत चालणारी नोट आहे, पण मोड वेगळी मिळते. यूट्यूबवर २०२० पासून त्याचे चॅप्टर होतात, खालची पट्टी तुकड्यातुकड्यांत दिसते, निदान तीन तुकडे पाहिजेत अन् प्रत्येक दहा सेकंदांचा तरी. गुगल २०१९ पासून तेच टाइम शोधाच्या पानावर दाखवायला लागलं, माणूस व्हिडिओ न उघडताच बघतो की भाजणं अमुक मिनिटाला आहे, अन् थेट तिथेच उडी मारतो.

ज्यांचा स्वतःचा ब्लॉग आहे त्यांची अजून एक गफलत होते. लेख लिहायचा, खाली यूट्यूबचा व्हिडिओ चिकटवायचा, की गुगलवर लेखाशेजारी व्हिडिओचं छोटं चित्र यायचं, क्लिक जास्त मिळायच्या. २०२३ मध्ये गुगलने ते बंद केलं, आता पानाचा मुख्य माल व्हिडिओच असेल तरच ते चित्र मिळतं. रेसिपी वाचायची अन् खाली शोभेला व्हिडिओ, याला चित्र नाही.

शॉर्ट्सबद्दल थोडक्यात. टिकटॉक बंद झाल्यावर २०२० च्या सप्टेंबरात शॉर्ट्स आधी भारतातच सुरू झाले, आता ते गुगलच्या पानावरही वेगळ्या रांगेत दिसतात. आणि "जळगावात चांगलं भरीत कुठे मिळतं" असल्या शोधात तर पोरं गुगल उघडतच नाहीत, रील बघतात. गुगलचे प्रभाकर राघवन यांनी २०२२ मध्ये स्वतःच सांगितलेलं की त्यांच्या पाहणीत जवळपास ४० टक्के तरुण जेवायची जागा शोधायला गुगल मॅप किंवा सर्चऐवजी टिकटॉक नाहीतर इन्स्टाग्रामवर जातात. म्हणजे गुगल व्हिडिओ वर आणतंय ते काही नुसत्या हौसेने नाही, गिऱ्हाईक पळतंय.

तुमचा व्हिडिओ कुठून बघितला जातोय हे तपासायला कोणाला पैसे द्यायची गरज नाही. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनलवाल्याला आपले आकडे दिसतात तिथे, ट्रॅफिक सोर्स बघा, "यूट्यूब सर्च" वेगळं दिसेल आणि गुगलवरून आलेले लोक "एक्स्टर्नल" च्या खाली दिसतील, हो, सख्ख्या मालकाच्या दुकानातून आले तरी यूट्यूब त्यांना बाहेरचेच म्हणतं! आणि स्टुडिओतला इम्प्रेशनचा आकडा फक्त यूट्यूबच्या आतला असतो, गुगलच्या पानावर तुमचं थंबनेल किती जणांना दिसलं ते त्यात नसतं. अजून एक, गुगल ट्रेंड्समध्ये वर एक यादी आहे, वेब सर्चच्या जागी यूट्यूब सर्च निवडा, तोच शब्द दोन्हीकडे टाका, दोन वेगळे आलेख निघतात. भावाला मी आधी हेच दाखवलं, तेव्हा तो गप्प झाला.

आता हालत अशी आहे की गुगलवरून रोज दहा-पंधरा लोक येतात. भाऊ तरी खुश नाही. गुगलवाले थेट भाजण्याच्या मिनिटाला येतात, वांगं कितपत काळं करायचं ते बघतात, चाळीस सेकंदांत गायब, यूट्यूबवाले मात्र मावशीच्या शिव्या ऐकत शेवटपर्यंत बसतात. काल म्हणत होता, टाइम काढून टाकू का? मावशी शेजारी पुऱ्या लाटत होती, तिने एवढंच विचारलं, "ते चाळीस सेकंदवाले वांगं नीट भाजतात का पण?"