आरसी हेलिकॉप्टर आणि ड्रोन: बघणाऱ्यांनी किती लांब उभं राहायचं?

नागपुरात कुठल्याही मैदानावर आरसी, म्हणजे रिमोटने उडवायचं हेलिकॉप्टर बाहेर काढलं की पाच मिनिटांत पोरं गोळा होतात आणि पहिला प्रश्न येतो, "भाऊ, ड्रोन कितीचा आहे?" प्रश्नात वावगं काही नाही. लग्नात, मिरवणुकीत, फुटाळा तलावावर लोकांनी ड्रोनच पाहिलेला असतो. काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. ड्रोन समजूनच ही मंडळी जवळ येतात, आणि ड्रोनपासून जेवढं अंतर पुरतं तेवढं हेलिकॉप्टरला मुळीच पुरत नाही.

लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन घ्या. चार पंखे, त्यांची प्लॅस्टिकची पाती वजनाला अगदी हलकी आणि कोन कायमचा ठरलेला. कुठला पंखा जोरात फिरवायचा आणि कुठला हळू, एवढ्यावरच तो चढतो, कलतो, वळतो. आत कल ओळखणारा जायरो आहे, उंची मोजणारा सेन्सर आहे, जीपीएस आहे. उडवणाऱ्याने रिमोटच्या दोन्ही स्टिक सोडून दिल्या तरी तो हवेत जागच्या जागी उभा राहतो. संपर्क तुटला तर बहुतेक ड्रोन आपले आपण परत येतात.

हेलिकॉप्टरला वर एकच मोठा रोटर, म्हणजे फिरणारा पंखा असतो आणि तो जवळपास एकाच वेगाने फिरत राहतो. चढणं-उतरणं होतं ते पात्यांचा कोन बदलून. तीन सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटरी, मिळून पात्यांखालची स्वॉशप्लेट नावाची चकती हलवतात आणि पाती फिरता फिरता कलतात. कोन उणे केला की मशीन उलटं होऊनही उडतं. बघायला येणारे ज्यावर टाळ्या वाजवतात त्या कसरती याच करामतीच्या. पण इथे स्टिक सोडल्या तर काय होतं? हेलिकॉप्टर ज्या बाजूला कललेलं असेल त्याच बाजूला जात राहतं. त्यातला जायरो कल धरून ठेवतो, जागा धरत नाही. मशीन सावरणारं बटण काहींमध्ये असतं, पण ते दाबायलाही हात तयार लागतो.

आता ताकदीचं बघू. 700 साइजच्या हेलिकॉप्टरची पाती कार्बन फायबरची, प्रत्येकी सुमारे 70 सेंटिमीटर लांब. रोटरचा व्यास दीड मीटरच्या वर, मशीनचं वजन 5 किलोच्या आसपास. मिनिटाला 2,000 फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी जवळपास 600 किलोमीटर येतो. हिशेब मांडला तर फिरत्या रोटरमध्ये साठलेली ऊर्जा, तेच 5 किलोचं मशीन दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडताना मिळेल तेवढी भरते. लहान म्हणून विकलं जाणारं 450 साइजचं हेलिकॉप्टरही हलक्यात घेऊ नका. त्याच्याही पात्याचं टोक ताशी साडेतीनशेच्या पुढे असतं. 2013 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका बागेत 19 वर्षांचा तरुण स्वतःचंच हेलिकॉप्टर डोक्याला लागून जागीच गेला. तो नवशिका नव्हता.

या दोघांत सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो "बंद" या एका गोष्टीवर. ड्रोनची मोटर बंद केली की पंखे जवळजवळ लगेच थांबतात. हेलिकॉप्टरमध्ये थ्रॉटल होल्डचं बटण टाकलं की मोटर थांबते, रोटर नाही. मोटर आणि रोटर यांच्यामध्ये एकाच दिशेने पकडणारं बेअरिंग असतं, त्यामुळे पाती मोकळी फिरत राहतात. ही सोय मुद्दाम केलेली आहे. हवेत मोटर गेली तरी पायलट त्या फिरत्या पात्यांच्या जोरावर मशीन अलगद उतरवू शकतो, त्याला ऑटोरोटेशन म्हणतात. मोटर गेलेला ड्रोन दगडासारखा खाली येतो, तेव्हा या एका बाबतीत हेलिकॉप्टर उजवं, हे मान्य करायलाच हवं. पण जमिनीवर टेकल्यावर आवाज बसलेला असतो, पाती मात्र अजून बरेच सेकंद फिरत असतात आणि उन्हात नीट दिसतही नाहीत. पोरं धावत येतात ती नेमकी याच वेळी.

दुसरी वाईट वेळ उडण्याआधीची. मशीन जमिनीवर असताना रोटर मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या आसपास असतो, म्हणजे खाली बसून बघणाऱ्या लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीला. पातं निखळलं किंवा तुटलं तर तुकडे फिरण्याच्या त्याच पातळीत सुटतात. म्हणून रोटर वेग घेत असताना त्याच्या रेषेत कुणीही नको, "जरा व्हिडिओ काढतो जी" म्हणणारा तर अजिबात नको. थ्रॉटल होल्ड टाकूनच बॅटरी जोडायची, मशीन मैदानात नेऊन ठेवायचं, आपण मागे यायचं, मागची माणसं मोजायची आणि मगच होल्ड काढायचा.

फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर मशीनने आपोआप काय करायचं, तोही दोघांचा वेगळा. ड्रोनचा फेलसेफ म्हणजे घरी परत ये. हेलिकॉप्टरचा म्हणजे सिग्नल गेला की मोटर तिथल्या तिथे बंद. मशीन पडेल, तुटेल, पैसे जातील. गर्दीत जाणार नाही याची शक्यता तेवढी वाढते. तो बसवला आहे एवढ्यावर भागत नाही. पाती काढून मोटर हळू चालवायची, ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, बंद करायचा आणि मोटर खरंच थांबते का ते डोळ्यांनी बघायचं. मशीनमध्ये सिग्नल पकडणारा नवा रिसीव्हर बसवला की पुन्हा.

अंतराचं माझं मत स्पष्ट आहे. 700 साइजसाठी बघणारे पायलटच्या मागे किमान 30 मीटर, मध्ये दोर बांधलेला. पायलट गर्दीकडे पाठ करून उभा, उडणं सगळं त्याच्या पुढ्यात. डोक्यावरून नाही, मागून वळसा नाही. वारा गर्दीच्या दिशेने असेल तर जागा बदलायची. सकाळी उडवायचं असेल तर तोंड पश्चिमेला, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. आणि एक माणूस असा हवा की जो हेलिकॉप्टरकडे बघणारच नाही, फक्त दोराकडे आणि पोरांकडे बघेल. पायलटची नजर मशीनवरून हटता कामा नये, त्यामुळे हे काम त्याच्यावर टाकताच येत नाही.

सगळेच ड्रोन गरीब असतात असंही नाही. रेसिंगचे, कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा चष्मा लावून उडवायचे ड्रोन कसरतीच्या मोडमध्ये हेलिकॉप्टरसारखेच कल धरून पळतात. विदर्भात शेतात फवारणीला येणाऱ्या ड्रोनची पातीही मोठी आणि जड असतात; त्यांच्या बाबतीत हेलिकॉप्टरचीच शिस्त पाळावी.

कायदा मात्र दोघांना एकाच नजरेने बघतो. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल अशी वजनावर वर्गवारी आहे. पंखा एक की चार, हे त्यात येत नाही. नागपूरकरांनी आणखी एक लक्षात घ्यावं. विमानतळ सोनेगावला आहे, म्हणजे शहरातच. हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक आहे आणि शहराचा मोठा भाग तर 8 किलोमीटरच्या आतच येतो. खामला, प्रतापनगरची मैदानं कितीही मोकळी दिसली तरी कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी नकाशा बघितल्याशिवाय तिथे काही उडवू नये.

संक्रांतीच्या आठवड्यात तर हेलिकॉप्टर पेटीतच राहू द्यावं. नायलॉन मांजा शेपटीच्या रोटरमध्ये अडकला की मशीन स्वतःभोवती गरगरायला लागतं, आणि त्यानंतर ते कुठे पडेल हे कुणाच्याच हातात राहत नाही.