पंप थांबल्यानंतरची गोष्ट

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद पडली. चालू होती तोवर पंपांनी रात्रंदिवस पाण्याचा उपसा चालायचा. तो थांबला आणि पाणी जुन्या बोगद्यांतून वर चढू लागलं. जानेवारी १९९२ मध्ये एका बोगद्याच्या तोंडाचं बूच फुटलं आणि जस्त, कॅडमियम मिसळलेलं सुमारे ५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी कार्नन नदीत उतरलं. पार खाडीपर्यंत पाणी नारिंगी दिसत होतं.

हे अचानक घडलेलं नव्हतं. पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजं जमिनीखाली हवेपासून दूर असतात तोवर निपचित पडून राहतात. खणल्यावर त्यांना हवा-पाणी लागतं आणि गंधकाम्ल तयार होतं. १९४७ मध्ये शास्त्रज्ञांना खाणीच्या पाण्यात ही क्रिया कितीतरी पट वेगवान करणारे जिवाणू सापडले. मग हे आम्ल खडकातलं शिसं, जस्त, कॅडमियम विरघळवत पुढे जातं. मालक निघून गेला म्हणून ते थांबत नाही.

खाणकामाने नद्या नासतात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. धातू धुतलेल्या पाण्याने ओढे विषारी होतात, मासे मरतात, ही लोकांची तक्रार जर्मन विद्वान अ‍ॅग्रिकोलाच्या १५५६ मध्ये छापलेल्या ग्रंथातही नोंदलेली आहे. माहिती होती, जबाबदारी मात्र कुणावर नव्हती. माझ्या मते या इतिहासाचं खरं दुखणं हेच आहे.

जपानमध्ये कामिओका खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत गेलं, तिथून भातात आणि माणसांच्या हाडांत. रुग्ण, त्यातही वयस्क स्त्रिया, ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, म्हणून कण्हायच्या. तेच या आजाराचं नाव झालं. सुरुवातीचे रुग्ण १९१२ च्या सुमाराचे, आणि हा आजार प्रदूषणामुळेच होतो हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. खाचरांची माती बदलण्याचं काम तर २०१२ पर्यंत चाललं होतं. नदी त्यामानाने लवकर निवळते, माती नाही.

कायदे फार उशिरा आले. अमेरिकेच्या १८७२ च्या खाण कायद्यात खाण सोडून जाताना जागा साफ करण्याची अटच नव्हती. दूषित जागांच्या सफाईसाठीचा ‘सुपरफंड’ कायदा आला १९८० मध्ये. ब्रिटनमध्ये १९९९ अखेरपर्यंत सोडून दिलेल्या खाणींतून झिरपणाऱ्या पाण्याबद्दल मालकांना सूट होती. त्यामुळे व्हील जेनच्या पाण्यावरची प्रक्रिया सरकारी पैशांतून करावी लागली.

झांबियातल्या काब्वेची शिसे-जस्ताची खाण १९९४ मध्ये बंद झाली. तिच्या टाकाऊ मालाचे ढीग अजून उघड्यावर आहेत, धूळ अंगणांत येऊन बसते. खाण बंद झाली तेव्हा जन्मलीही नव्हती, अशा मुलांच्या रक्तात आज शिसं सापडतं.