पायडल थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट

सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे फुफ्फुसात चिकट कफ साचणारा आनुवंशिक आजार. त्याच्या रुग्णाची एका जागी स्थिर सायकलवर चाचणी घेताना सगळ्यांचं लक्ष शेवटच्या आकड्यावर असतं: शरीरानं जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरला? ते योग्यच आहे. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा हा आकडा निरोगी माणसाकडून अपेक्षित आकड्याच्या किमान ८२ टक्के होता त्यांच्यातले ८३ टक्के रुग्ण आठ वर्षांनी हयात होते. ५८ टक्के किंवा त्याहून कमी असणाऱ्यांत फक्त २८ टक्के.

पण पाय थांबताच श्वासातला ऑक्सिजन मोजणारा मास्क काढला, तर मोलाची माहिती हातची जाते.

जोरात पायडल मारताना स्नायू आपल्या साठ्यातलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट ऊर्जा देणारं रसायन, खर्च करतात. ही उसनवारी थांबल्यावर ऑक्सिजन वापरून फेडायची असते, म्हणून ऑक्सिजनचा वापर एकदम खाली येत नाही. निरोगी तरुणांत आलेखाची रेघ झपकन उतरते, साधारण एक-सव्वा मिनिटात निम्म्यावर. आजार जितका तीव्र तितका पहिल्या मिनिटातला उतार सपाट. ज्यांची पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा, म्हणजे एफईव्ही-१, कमी असते त्यांच्यात हे ठळक दिसतं. याची कारणं अनेक: चिकट कफामुळे फुफ्फुसाच्या काही भागांत हवा नीट पोहोचत नाही, स्नायू रोडावलेले असतात, दीर्घकाळचा दाह असतो. नुसत्या बसून राहण्यानंही उतार सपाट होतो, त्यामुळे एका आलेखावरून निदान करू नये. त्याच रुग्णाच्या मागच्या आलेखाशी ताडून पाहावं.

मोजताना चुका होतात त्या इथे. थांबल्यावर एकदा स्वस्थ बसवलं आणि पुढच्या वेळी हलकं पायडल मारायला लावलं, तर दोन उतारांची तुलनाच होत नाही. पद्धत एकच ठेवा, पण स्वस्थ बसवत असाल तर रुग्णावर नजर हवी: रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते. दुसरी अडचण खोकल्याची. श्रमानं कफ सुटतो, नेमक्या त्या मिनिटात उबळ येते आणि आलेखावर उंचच उंच टोकं उमटतात. ते श्वास गणनेतून वगळावे लागतात. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला लावलेला असेल आणि हँडल घट्ट धरलं असेल, तर आकडा खोटाच कमी दिसतो. कानाच्या पाळीवर किंवा कपाळावर लावलेला बरा.

आणि मीठ. या आजारात घामातून ते इतकं जातं की रक्तातली क्षारांची पातळी पुरेशी चढत नाही आणि तहानच लागत नाही. म्हणून मुलानं मागण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात मीठ घातलेलं पेय सायकलवरून उतरताच हातात द्यावं. लिटरला सुमारे ३ ग्रॅम मीठ असलेलं चवदार पेय मुलं साध्या पाण्यापेक्षा जास्त पितात.