कॉलिंगवूड फुटबॉल क्लब : २०११ चा हंगाम

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील (हा सॉकरहून वेगळा खेळ) मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबचा, प्रशिक्षक मिक माल्टहाउस यांच्या कारकिर्दीतील बारावा आणि शेवटचा हंगाम. संघ ऐन भरात होता आणि प्रशिक्षकाच्या जाण्याची तारीख मात्र दोन वर्षांपूर्वीच ठरली होती. हा हंगाम लक्षात राहिला तो त्यामुळेच.

जुलै २००९ मध्ये क्लबचे अध्यक्ष एडी मॅग्वायर यांनी सत्तांतराचा करार जाहीर केला. माजी कर्णधार नेथन बकली यांनी दोन वर्षे सहायक म्हणून काम करायचे, २०१२ पासून सूत्रे घ्यायची आणि माल्टहाउस यांनी सल्लागार स्वरूपाच्या पदावर जायचे, असे ठरले. बकली दुसऱ्या क्लबच्या हाती लागू नयेत, हाही हिशेब त्यात होता. पण २०१० मध्ये सेंट किल्डाविरुद्धचा अंतिम सामना ६८–६८ असा बरोबरीत सुटला, आठवड्याने तो पुन्हा खेळवला गेला आणि कॉलिंगवूडने तो ५६ गुणांनी जिंकला. विजेत्या प्रशिक्षकाला निरोप द्यायचा, ही अडचण तेव्हापासून सुरू झाली.

२०११ मध्ये साखळीतील २२ पैकी २० सामने जिंकून संघ अव्वल राहिला. डेन स्वानने ३४ मते मिळवून सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक पटकावले. दोन्ही पराभव जिलाँगकडून झाले : पहिला अवघ्या ३ गुणांनी, दुसरा साखळीच्या शेवटच्या फेरीत तब्बल ९६ गुणांनी. या खेळात गोलला ६ गुण मिळतात, म्हणजे हा फरक सोळा गोलांचा. उपांत्य सामन्यात हॉथॉर्नविरुद्ध तीन क्वार्टरनंतर संघ १७ गुणांनी मागे होता. अखेरच्या मिनिटांत लूक बॉलने गोल केला आणि ३ गुणांनी निभावले. एरवी करड्या शिस्तीचे म्हणून ओळखले जाणारे माल्टहाउस त्या दिवशी प्रशिक्षकांच्या कक्षात रडताना दिसले.

१ ऑक्टोबरला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे क्रिकेटरसिकांच्या ओळखीच्या एमसीजीवर, जिलाँगने अंतिम सामना ११९–८१ असा जिंकला. जिलाँगचे प्रशिक्षक ख्रिस स्कॉट यांचे हे पहिलेच वर्ष. सत्तांतराच्या चर्चेने संघाचे लक्ष विचलित झाले, असे तेव्हापासून म्हटले जाते. पण वर्षभरातले तिन्ही पराभव एकाच संघाकडून झाले असताना सगळे खापर करारावर फोडणे पटत नाही. जिलाँग सरस होता, एवढे आकडे सांगतात.

ठरलेले नवे पद न स्वीकारता माल्टहाउस क्लबमधून बाहेर पडले आणि २०१३ मध्ये कट्टर प्रतिस्पर्धी कार्लटनचे प्रशिक्षक झाले. बकली यांनी २०२१ च्या मध्यापर्यंत कॉलिंगवूडची धुरा सांभाळली. विजेतेपद मिळाले नाही, २०१८ चा अंतिम सामना ५ गुणांनी हुकला. मे २०१५ मध्ये माल्टहाउस यांनी ७१५ व्या सामन्यासह जॉक मॅकहेल यांचा प्रशिक्षक म्हणून सर्वाधिक सामन्यांचा विक्रम मागे टाकला. मॅकहेल कॉलिंगवूडचेच आणि त्या दिवशी समोर संघही कॉलिंगवूडचाच. कार्लटन ७५ गुणांनी हरला. महिना संपायच्या आत क्लबने माल्टहाउस यांना पदावरून दूर केले.