मागच्या सीटवरचा साहेब

शिवाजी पार्कला झेब्रा क्रॉसिंगवर उभं राहिलं की मुंबईकर काय करतो? हात दाखवतो, येणाऱ्या गाडीचा अंदाज घेतो आणि पळतो. गाडी आपल्यासाठी थांबेल ही आशा त्याने कधीच सोडलेली असते. परवा एक काळी, लांबलचक गाडी आमच्या पायांना वारा घालत गेली, तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, "पैसा आला की माणुसकी जाते, बघा."

आजोबांचं हे मत तपासून पाहिलं गेलंय, तेही थेट झेब्रावर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतले पॉल पिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली सात प्रयोगांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका प्रयोगात त्यांचा माणूस झेब्रावर पाऊल टाकायचा आणि आडोशाला बसलेला दुसरा नोंद ठेवायचा: गाडी कोणती, किती जुनी, दिसायला कशी, आणि ती थांबली का. गाड्यांची पाच दर्जांत प्रतवारी केली होती. सर्वांत साध्या प्रतीतली एकही गाडी पादचाऱ्याला डावलून गेली नाही. सर्वांत महागड्यांपैकी जवळपास निम्म्या गेल्या. दुसऱ्या एका प्रयोगात काही जणांना आधी समाजातल्या तळाच्या लोकांशी स्वतःची तुलना करायला लावून 'आपण वरचे' असं वाटायला लावलं. मग त्यांच्यापुढे चॉकलेटांची बरणी ठेवली. ही शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मुलांसाठी आहे, हवं तर घ्या, असं सांगून. 'वरच्यां'नी जास्त उचलली.

बातमी जगभर गाजली. न गाजून सांगते कुणाला? ऐकायला गोड आणि सगळ्यांना पटणारी.

पण त्याच वर्षी ग्रेगरी फ्रान्सिस या मानसशास्त्रज्ञाने एक खडा टाकला. नमुने एवढे लहान असताना सातपैकी सातही प्रयोग मनासारखे निघावेत, हे जरा जास्तच छान जमून आलंय, असा त्यांचा आक्षेप होता. शिवाय गाडीवरून माणसाचा वर्ग ठरवणं ही आडवाट आहे. फिनलंडमध्ये 2019 साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की महागड्या जर्मन गाड्या हेकेखोर, आपलंच खरं करणाऱ्या पुरुषांकडे जास्त असतात हे बरोबर, पण काटेकोर, शिस्तशीर माणसांकडेही त्या जास्त असतात.

मग नेदरलँडमधला प्रयोग आला. मला विचाराल तर या सगळ्यातला सर्वांत हुशार. जेम्स अँड्रिओनी आणि सहकाऱ्यांनी श्रीमंत आणि गरीब घरांत चुकीच्या पत्त्यावर आल्यासारखी पाकिटं टाकली. आत काय आहे ते बाहेरून दिसत होतं: काहींत युरोच्या नोटा, काहींत त्या घरच्यांना निरुपयोगी असं, बँकेतून पैसे पाठवल्याचं कार्ड. कोण परत करतं? श्रीमंतांनी गरिबांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात केली. आजोबांचा सिद्धांत उलटाच झाला की!

थांबा. निरुपयोगी कार्डाचं पाकीटही गरीब घरांतून कमीच परतलं. ज्यात चोरण्यासारखं काही नाही, ते का ठेवून घ्यावं? संशोधकांचं उत्तर असं की दुसऱ्याचं पाकीट पोस्टात टाकायलाही मनाला उसंत लागते, आणि ओढगस्तीत तीच नसते. या ताणाचा आणि गरिबाला एकेका नोटेची किंमत जास्त असते या गोष्टीचा हिशेब धरल्यावर दोन्ही गटांतला फरक पुसला गेला. तमिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांवरचा 2013 चा अभ्यास याला जोड देतो: तोच शेतकरी तोडणीआधी, हात आखडलेला असताना, बुद्धीच्या चाचणीत कमी पडला आणि उसाचे पैसे आल्यावर सुधारला.

पाकिटांवरून मुंबईचंही आठवलं. 2013 साली रीडर्स डायजेस्टने 16 शहरांत प्रत्येकी 12 पैशांची पाकिटं मुद्दाम 'हरवली'. मुंबईत 9 परत आली. आपल्यापुढे फक्त हेलसिंकी, 11. आपण तेव्हा कॉलर ताठ केली, पण 12 पाकिटांवरून शहर जोखायचं म्हणजे शितावरून अख्ख्या पंगतीची परीक्षा.

वर्गाचा परिणाम अजिबातच नाही, असंही नव्हे. डेव्हिड दुब्वा, डेरेक रकर आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी 2015 साली प्रश्नच बदलला: लबाडी कोणासाठी? वरच्या वर्गातले लोक स्वतःचा फायदा असेल तेव्हा जास्त लबाडी करताना दिसले, खालच्या वर्गातले दुसऱ्याचं भलं होत असेल तेव्हा. चाळीत वाढलेल्याला हे नवं नाही. स्वतःसाठी कधी पाच रुपये न खाल्लेला कारकून शेजारच्या पोराच्या ॲडमिशनसाठी मात्र खोटा दाखला बिनदिक्कत मिळवून द्यायचा.

आता पुन्हा त्या काळ्या गाडीकडे या. कॅलिफोर्नियात गाडीची किंमत आणि चालवणाऱ्याचा वर्ग यांची सांगड निदान घालता तरी येते. आपल्याकडे स्टिअरिंगवर बहुधा कळवा किंवा नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल धरून आलेला ड्रायव्हर असतो आणि मागे फोनवर बोलणारा साहेब. ड्रायव्हरने झेब्रा डावलला तो साहेबांची मीटिंग चुकू नये म्हणून, म्हणजे दुसऱ्यासाठी. साहेबांनी "जरा दाबा" म्हटलं ते स्वतःसाठी. पिफच्या वहीत त्या गाडीची नोंद एकाच रकान्यात झाली असती. ई-चलान तर गाडीच्या मालकाच्या नावावर येतं. पुढच्या महिन्यात ते कोणाच्या पगारातून कापलं जातं, तेवढं त्या दोघांनाच ठाऊक.