इंपाला ४०९ की गॅलॅक्सी ४२७? ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा

जुनी अमेरिकन गाडी घ्यायची म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: १९६२ ची शेवरले इंपाला एसएस (सुपर स्पोर्ट) घ्यावी की १९६३ ची फोर्ड गॅलॅक्सी? शीर्षकातले ४०९ आणि ४२७ हे इंजिनाच्या आकारमानाचे आकडे, घन इंचांत. दोन्हींचा व्हीलबेस ११९ इंच, दोन्हींत व्ही-८. सर्वांत दमदार इंजिनाची कागदावरची ताकद इंपालात ४०९, गॅलॅक्सीत ४२५ अश्वशक्ती.

रेसिंगमध्ये आमचं मत गॅलॅक्सीला. १९६१ मध्ये अमेरिकन रेसर डॅन गर्नीने इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनवर इंपाला जग्वारच्या पुढे काढली होती, पण चाक तुटलं आणि शर्यत गेली. १९६३ मध्ये त्याच ट्रॅकवर ब्रिटिश रेसर जॅक सीअर्सने गॅलॅक्सी चालवून शर्यत जिंकून दाखवली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डेटोना ५०० शर्यतीत पहिले पाचही नंबर फोर्डचे आले. शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने मात्र जानेवारीतच रेसिंगमधून अंग काढून घेतलं होतं.

इंजिन म्हणून आमचा जीव इंपालाच्या ४०९ वर आहे. त्याच्या ब्लॉकचा (सिलिंडर असलेल्या मुख्य भागाचा) माथा तिरका कापलेला असतो, त्यामुळे पेट्रोल जळतं ते सिलिंडरच्याच वरच्या भागात. हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, खालून जवळजवळ सपाट. उघडलेलं इंजिन पाहायचं असेल तर जरूर या, दाखवायला आम्हाला आवडतं. पण हे इंजिन गाड्यांत १९६१ ते १९६५ एवढंच बसलं, म्हणून ब्लॉक खराब निघाला तर दुसरा शोधण्यात महिने जातात.

खरेदीत लोक फसतात ते ओळखीवर. गॅलॅक्सीच्या व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) पाचवं अक्षर इंजिन सांगतं: क्यू म्हणजे एका कार्ब्युरेटरचं ४२७, आर म्हणजे दोन कार्ब्युरेटरचं. दारावरची पट्टी बदललेली असू शकते, म्हणून ती टायटलशी, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदाशी, ताडून पाहा. १९६२ च्या इंपालाचा व्हीआयएन मात्र एसएस आहे की नाही हे सांगतच नाही. तिथे ४०९ इंजिनासाठी ब्लॉकवर ठोकलेलं क्यूए किंवा क्यूबी आणि एसएससाठी जुनी कागदपत्रं, एवढाच आधार. नुसते बिल्ले पाहून जास्तीचे पैसे देऊ नका.

इंपाला उचलून खालून बघा. तिची फ्रेम इंग्रजी एक्सच्या आकाराची, दोन्ही बाजूंना लांबीचे दांडे नाहीत. मधला भाग गंजला असेल तर गाडी सोडून द्या.

दोन्हींना चारही चाकांवर ड्रम ब्रेक आणि ब्रेक ऑइलचं एकच सर्किट, म्हणजे एका जागी गळती झाली तर सगळे ब्रेक जातात. कुटुंबासोबत फिरणार असाल तर दोन वेगळी सर्किट देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर आधी बसवून घ्या, रंगकाम नंतर. टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वरचेवर सेट करायचा कंटाळा असेल तर १९६३ ची ३४० अश्वशक्तीची इंपाला पाहा: तिचे हायड्रॉलिक टॅपेट वरचेवर सेट करावे लागत नाहीत, आणि हवी तर ऑटोमॅटिकही मिळते.

ब्लॉकवरच्या आकड्यांचा आणि टायटलचा फोटो पाठवा. तपासून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही.