कोकणात युरेनियम सापडत नाही, येतं

राजापूरहून जैतापूरकडे जाणाऱ्या एसटीत काही वर्षांपूर्वी ऐकलेलं एक वाक्य अजून डोक्यात आहे. मागच्या सीटवरचे आजोबा शेजाऱ्याला खात्रीने सांगत होते, "सड्याखाली युरेनियम गावलाहा, म्हणान सरकारान जमीन घेतल्यान." शेजाऱ्यानेही मान डोलावली. माडबनच्या, म्हणजे जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाबद्दल असं बोलणारे मला नंतरही भेटले, त्यात शिकलेसवरलेलेही होते.

हा गैरसमज आहे खरा, पण त्यामागचा हिशेब अगदी व्यवहारी आहे. कारखाना कच्च्या मालाजवळ निघतो. रेडीला लोखंड सापडलं म्हणून तिथे खाण आणि बंदर. कासार्ड्याला सिलिका वाळू आहे म्हणून तिथे ट्रकांची रांग. अणुवीज मात्र या हिशेबात बसत नाही. तुर्भे, तारापूर आणि जैतापूर ही भारताच्या अणुइतिहासातली तीन मोठी नावं कोकणच्या किनाऱ्यावरची आहेत, आणि यातल्या एकाही ठिकाणी कोकणच्या जमिनीतून चमचाभर युरेनियम आलेलं नाही.

का नाही, ते दगडाकडे पाहिलं की कळतं. जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळमाळ, खणत गेलात की खाली काळा कातळ लागतो, म्हणजे बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातून, वर आलेला हा लाव्हा. प्रावरणात युरेनियम मुळातच अत्यल्प. शिवाय या मूलद्रव्याचा अणू अंगाने मोठा. शिलारस थंड होताना जी खनिजं आधी जमतात, त्यांच्या जाळीत तो मावत नाही. तो शेवटच्या उरलेल्या रसात साचत जातो, आणि असा रस थिजला की ग्रॅनाइट होतो. म्हणून एक टन ग्रॅनाइटमध्ये साधारण चार ग्रॅम युरेनियम मिळतं, तर आपल्या बेसॉल्टच्या टनात सहसा एक ग्रॅमही भरत नाही.

ग्रॅनाइटातले चार ग्रॅमही खाणीच्या कामाचे नाहीत. खाण होण्यासाठी निसर्गाला आणखी एक काम करावं लागतं. प्राणवायू मिसळलेल्या पाण्यात युरेनियम विरघळतं. ते पाणी झिरपत झिरपत प्राणवायू नसलेल्या थरात गेलं, म्हणजे कुजलेला पाला, कोळसा किंवा गंधक असलेली लोखंडी खनिजं आहेत अशा जागी पोचलं, की विरघळलेलं युरेनियम पुन्हा घट्ट होऊन बसतं. हजारो चौरस किलोमीटरांतून धुऊन आणलेला माल एका फटीत किंवा वालुकाश्माच्या थरात गोळा होतो. कोकणात त्यासाठी लागणारा जुना पाया आहे, पण तो खोल गाडलेला. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी पाडलेल्या विंधनविवरांत सुमारे एक किलोमीटर बेसॉल्ट भेदल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात मात्र लाव्ह्याची चादर संपते आणि जुने पट्टिताश्म (नाइस नावाचे पट्टेदार खडक) व कलादगी खडकसमूहातले वालुकाश्म उघडे पडतात. याच कलादगी खडकांत, पण घाटापलीकडे बेळगाव जिल्ह्यातल्या देशनूर परिसरात, अणुऊर्जा विभागाच्या भूवैज्ञानिकांना युरेनियमच्या खुणा मिळाल्या आहेत. आजोबांचा सडा मात्र लाव्ह्यावर उभा आहे.

गंमत अशी, की याच लाव्ह्याचं वय सांगायला युरेनियमच लागलं. युरेनियम-२३८ चं अर्धं प्रमाण शिशात बदलायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, आणि झिर्कॉन नावाचा कणखर स्फटिक बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आत जितकं शिसं, तितकं त्याचं वय. बेसॉल्टमध्ये झिर्कॉन सहसा नसतोच. पण दोन लाव्ह्यांच्या मधे जे तांबडे पट्टे असतात, घाटात गाडी थांबवली की कापलेल्या कड्यात सहज दिसतात ते, त्यांत राखेबरोबर पडलेले झिर्कॉन सापडले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार दख्खनच्या उद्रेकाचा मुख्य टप्पा सुमारे साडेसात लाख वर्षांत उरकला आणि डायनोसोर नाहीसे झाले त्याच्या अडीच लाख वर्षं आधी तो सुरू झाला होता. या लाव्ह्याच्या थरसमूहांना भूवैज्ञानिकांनी पोलादपूर आणि अंबेनळी अशी नावं दिली आहेत, हे पोलादपूरकरांना तरी ठाऊक आहे की नाही कोण जाणे.

काळ्या वाळूचा गोंधळही इथेच निस्तरून टाकू. रत्नागिरीच्या किल्ल्याच्या एका बाजूला पांढरा समुद्र, दुसरीकडे मांडवीचा काळा. काळी वाळू किरणोत्सारी असते, हे केरळबद्दल वाचलेलं ज्ञान लोक मांडवीला लावतात. केरळ-तमिळनाडूच्या वाळूत मोनॅझाइट आहे, त्यात थोरियम आणि थोडं युरेनियम. ती वाळू जुन्या ग्रॅनाइटी खडकांची झीज. रत्नागिरीची काळी वाळू मुख्यतः बेसॉल्टमधून सुटलेलं इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम. तरी थोरियम कोकणात घरोघरी येऊन गेलं होतं! १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाने आजच्या तमिळनाडूतल्या मनवळकुरिचीच्या वाळूतलं मोनॅझाइट ओळखलं ते बत्तीच्या जाळीसाठी. दशावताराच्या रंगमंचावर टांगलेल्या पेट्रोमॅक्सचा तो पांढराशुभ्र उजेड थोरियमच्या भस्माचा होता.

युरेनियमचा शोध जुना आहे. १७८९ साली क्लापरोथने ते पिचब्लेंड खनिजात ओळखलं आणि आठ वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहाचं नाव त्याला दिलं. पुढची शंभर वर्षं काचेला आणि मातीच्या भांड्यांना पिवळा-हिरवा रंग देणं हाच त्याचा मुख्य उपयोग. १८९६ मध्ये बेकरेलला त्याचे किरण दिसले, १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने त्याच्याच खनिजातून पोलोनियम आणि रेडियम शोधलं. १९३८ च्या डिसेंबरात हान आणि स्ट्रासमन यांनी अणू फुटल्याचा रासायनिक पुरावा मिळवला. त्यानंतर रंगाचा धंदा मागे पडला आणि सरकारं खाणी शोधू लागली.

भारतात हा शोध १९४९ पासून पद्धतशीर सुरू झाला आणि १९५१ मध्ये आजच्या झारखंडातल्या जादूगुड्याचा साठा हाती लागला. सिंगभूमच्या मोठ्या भ्रंशपट्ट्यात दाबल्या-घासल्या गेलेल्या खडकांत तिथे युरेनियम भरलं आहे. प्रत मात्र गरीब. शंभर किलो खनिजात साठ ग्रॅमच्या आसपास युरेनियम ऑक्साइड. कॅनडातल्या सिगार लेकमध्ये हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे आपल्याकडे एक टन दगड फोडून अर्ध्या किलोच्या आसपास माल, आणि बाकी सगळा चोथा गाळतळ्यात साठवायचा. त्या तळ्यांत रेडियम मागे उरतं. जादूगुड्याच्या हो आणि संथाळ आदिवासींच्या वस्त्यांची तक्रार अनेक वर्षं या तळ्यांबद्दलच आहे, आणि कोकणात अणुविजेवर वाद घालताना आपण तिची आठवण क्वचितच काढतो. १९६७ मध्ये युरेनियम कॉर्पोरेशन स्थापन झालं. पुढे आंध्रातल्या तुम्मलपल्लेचा चुनखडकासारख्या डोलोमाइटातला साठा आला. मेघालयातला डोमियासियाटचा वालुकाश्मातला साठा स्थानिकांच्या विरोधामुळे रखडला.

मग भट्टी समुद्राकाठी का? खनिजातून निघणारा पिवळा चुरा, खाणीच्या भाषेत यलो केक, वजनाने फार थोडा असतो. ट्रकाने, रेल्वेने कुठेही जातो. पाणी मात्र कुठेही नेता येत नाही. वीज बनवणारी अणुभट्टी जितकी वीज देते, त्याच्या साधारण दुप्पट उष्णता तिला बाहेर टाकावी लागते, आणि त्यासाठी नदी किंवा समुद्र लागतो. म्हणून माल सिंगभूमचा, जागा कोकणची.

सुरुवात तुर्भ्यापासून. हे मुंबई बंदराच्या आतल्या बाजूचं जुनं तुर्भे, ज्याला सगळे ट्रॉम्बे म्हणतात. नवी मुंबईतलं नव्हे. १९५४ साली होमी भाभांनी तिथे अणुशक्ती संस्था उभारायला घेतली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही भट्टी सुरू झाली. निळसर चमकणाऱ्या पाण्याच्या हौदात बुडवलेली, नाव नेहरूंनी दिलेलं, इंधन ब्रिटनने दिलेलं. जानेवारी १९५९ मध्ये तुर्भ्यातच अणुभट्टीच्या प्रतीचं युरेनियम धातूरूपात निघालं, तेव्हा जादूगुड्याची खाण चालू व्हायची होती. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीची 'सायरस' आली. तिला लागणारं जड पाणी, म्हणजे जड हायड्रोजनचं पाणी, अमेरिकेचं, इंधन साधं युरेनियम. अशा भट्ट्यांत बनणारी किरणोत्सारी समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू, रुग्णालयांत गेली, शेतीत गेली. २००७ साली १८ वर्षांच्या बंदीनंतर अमेरिकेला निघालेला हापूस लासलगावला कोबाल्ट-६० च्या किरणांखालून गेला, तो कोबाल्टही अणुभट्टीतच घडवला जातो.

पण सायरसच्या जळक्या इंधनातून प्लुटोनियमही निघालं, आणि १८ मे १९७४ ला पोखरणमध्ये तेच वापरलं. त्याची किंमत तारापूरने मोजली. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत बोलका भाग. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या होत्या, देशातली पहिली व्यापारी अणुवीज. त्यांना साधं युरेनियम चालत नाही. निसर्गात युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. इथे ते दोन-तीन टक्क्यांपर्यंत वाढवलेलं लागतं, आणि ते पुरवण्याचा १९६३ चा करार अमेरिकेशी होता. पोखरणनंतर अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा कडक केला आणि पुरवठा आटला. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि फ्रान्सने इंधन द्यायचं मान्य केलं. पुढे चीन, मग रशिया. एका किनाऱ्यावरच्या भट्टीने दुसऱ्या किनाऱ्यावरच्या भट्टीला परावलंबी करून ठेवलं, तेही दोन्ही मुंबईच्या लोकलच्या टप्प्यात असताना. भट्ट्यांची मूळ २१० मेगावॅटची क्षमताही पुढे १६० वर उतरवावी लागली. २००५-०६ मध्ये शेजारी उभ्या राहिलेल्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्या मात्र साध्या युरेनियमवर चालणाऱ्या, देशी बनावटीच्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली.

साधं युरेनियमही पुरेना. २००८ च्या सुमारास देशातल्या जड पाण्याच्या भट्ट्या निम्म्या क्षमतेने चालत होत्या. म्हणूनच त्या वर्षी सप्टेंबरात आण्विक पुरवठादार गटाने, म्हणजे अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणाऱ्या देशांच्या गटाने, भारताला दिलेली व्यापाराची सवलत महत्त्वाची ठरली. कझाकस्तान, रशिया, कॅनडा इथून युरेनियम येऊ लागलं आणि त्याच महिन्यात फ्रान्सशी करार झाला. जैतापूरचा प्रकल्प त्याच दारातून आत आला. १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली परिसरातली सुमारे ९३८ हेक्टर जमीन. डिसेंबर २०१० मध्ये अरेव्हा या फ्रेंच कंपनीशी प्राथमिक करार झाला, मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडलं, आणि एप्रिलमध्ये साखरीनाट्याजवळच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक जण मेला. मच्छीमारांची भीती समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याची होती, बागायतदारांची आंब्याच्या मोहोराची. इंधनाच्या खाणीबद्दल त्यांच्यापैकी कुणी फारसं बोलत नव्हतं, कारण ती इथे नव्हतीच.

अरेव्हा नंतर अडचणीत आली आणि प्रकल्प ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे गेला. २०१८ मध्ये नवा करार, एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफचा बांधील तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव. त्यानंतरची घासाघीस विजेचा दर आणि अपघाताची भरपाई कुणी द्यायची या दोन गोष्टींवर चालली. या भट्ट्यांना लागणारं पाच टक्क्यांपर्यंतचं समृद्ध युरेनियम परदेशातूनच यायचं आहे. सड्यावर कुंपण आहे, पावसाळ्यात कातळावर तेरडा फुलतो, आणि कातळाखाली बेसॉल्ट आहे, टनाला ग्रॅमभर युरेनियमही नसलेला.